पार्टच्या ड्रॉइंगवर नग लिहावेत का, आणि लिहायचे तर कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेल्ट कन्व्हेयर बनवणारं छोटं युनिट, मॉडेल आणि ड्रॉइंग सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये. एका कन्व्हेयरमध्ये स्टँड, ड्राइव्ह फ्रेम, टेल फ्रेम अशा सब-असेंब्ली, आणि त्यातल्या काही एकाच मशीनमध्ये पाच-सहा वेळा लागतात. लेझर कटिंगवाला आणि फॅब्रिकेशनवाला दोघंही ड्रॉइंगवर नग मागतात, म्हणून प्रत्येक पार्टच्या टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) एकूण संख्या हाताने टाइप केली जाते. डिझाइन बदललं की काही ड्रॉइंगवर जुनीच संख्या राहून जाते. असेंब्लीतला आकडा पार्टच्या ड्रॉइंगवर आपोआप कसा आणायचा, असं तुम्ही विचारलं आहे.

आपोआप आणता येतो, आणि तो कसा ते पुढे सांगतो. पण तुमची खरी अडचण टायपिंगची नाही. आकडा चुकीच्या जागी लिहिला जातोय ही अडचण आहे. मटेरियल, जाडी, भोकाचा व्यास, टॉलरन्स या गोष्टी पार्टच्या असतात. मशीन एक बनवा की दहा, त्या बदलत नाहीत. नग मात्र पार्टचे नसतात. हा पार्ट कोणत्या असेंब्लीत बसतो आणि ती असेंब्ली वर कुठे किती वेळा लागते, त्यावर ते ठरतात. टायटल ब्लॉकमध्ये कोणती माहिती असावी हे सांगणाऱ्या आयएसओ ७२०० मध्ये नगांचा रकाना नाही. तो पार्ट लिस्टच्या आयएसओ ७५७३ मध्ये आहे, म्हणजे बीओएममध्ये (बिल ऑफ मटेरियल्स, असेंब्लीतल्या पार्टची नगांसह यादी).

तुमच्याच प्रकारच्या मशीनवर हे आकड्यांत मांडतो. समजा एका कन्व्हेयरला ६ स्टँड आहेत. प्रत्येक स्टँडला २ पाय. एक पाय म्हणजे ५० × ५० चा चौकोनी ट्यूब, खाली १० मिमीची बेस प्लेट आणि ६ मिमीचे २ गसेट (कोपऱ्याला आधार देणाऱ्या पट्ट्या), असं वेल्डमेंट, म्हणजे वेल्ड करून जोडलेला भाग. तोच गसेट ड्राइव्ह फ्रेमलाही लागतो, तिथे ४ नग. ऑर्डर ३ कन्व्हेयरची आहे आणि ग्राहकाला १ स्टँड स्पेअर हवा आहे. आता गसेट किती? पायाच्या ड्रॉइंगवाला म्हणेल २. स्टँडवाला म्हणेल ४. एका मशीनचा हिशोब ६ × २ × २ म्हणजे २४, अधिक ड्राइव्ह फ्रेमचे ४, असे २८. ऑर्डरचे ८४. स्पेअर स्टँड धरून ८८. हे पाचही आकडे बरोबर आहेत. गसेटच्या टायटल ब्लॉकमध्ये नुसतं "नग : २८" लिहिलं, तर वाचणाऱ्याला तो एका मशीनचा आकडा आहे की ऑर्डरचा, हे कळायला मार्ग नाही. लेझरवाल्याने २८ कापून पाठवले तर त्याची चूक नाही. आणि २८ ला ३ ने गुणलं तरी स्पेअरचे ४ कमीच पडतात.

आता डिझाइनमध्ये स्टँड ६ ऐवजी ५ झाले. एका मशीनचे गसेट २८ वरून २४ वर आले, बेस प्लेट १२ वरून १० वर. गसेटच्या आकारात काडीचाही फरक नाही, तरी त्याचं ड्रॉइंग बदलावं लागणार, कारण त्यावर संख्या लिहिली आहे. रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) चढवली तर व्हेंडरला वाटतं आकार बदलला, आणि तो आधी कापलेला माल बाजूला ठेवून फोन करतो. रिव्हिजन न चढवता आकडा बदलला तर एकाच रिव्हिजनचे दोन वेगळे प्रिंट शॉपमध्ये फिरतात, आणि हे तर जास्तच वाईट. असेंब्लीतला एक बदल अशा न बदललेल्या वीस-पंचवीस ड्रॉइंगना हात लावायला लावतो. त्यातली दोन-तीन राहून जाणारच. यात तुमच्या माणसांचा निष्काळजीपणा नाही, पद्धतच तशी आहे.

म्हणून मी अशी विभागणी ठेवतो. पार्टच्या ड्रॉइंगवर संख्या नाही. त्या रकान्यात "नग : जॉब शीटप्रमाणे" एवढंच. असेंब्लीच्या आणि वेल्डमेंटच्या ड्रॉइंगवर बीओएम, आणि त्यातला प्रत्येक आकडा त्या असेंब्लीच्या १ नगासाठी. ऑर्डरचा गुणाकार, स्पेअर, रिजेक्शनसाठी धरलेले जादा नग हे सगळं जॉब शीटवर. जॉब शीट ऑर्डरची असते, ऑर्डर संपली की फाइलला लागते. पार्टचं ड्रॉइंग पुढच्या ऑर्डरलाही तसंच चालतं.

हे सरसकट सगळ्यांना लागू नाही. एकच नग बनणारं स्पेशल पर्पज मशीन (एसपीएम) असेल, पार्ट नंबरही जॉब नंबरवरूनच पडत असतील आणि ते पार्ट पुन्हा कुठे वापरायचे नसतील, तर ड्रॉइंगवर मशीनमागची संख्या लिहिण्यात फारसा धोका नाही. टूलरूममध्ये आणि एसपीएमवाल्यांकडे ही पद्धत सर्रास आहे आणि तिथे ती चालते. तुमचं तसं नाही. स्टँड आणि ब्रॅकेट तुम्ही लांबी-रुंदी बदलून प्रत्येक कन्व्हेयरला वापरता, असं प्रश्नावरून दिसतं. तिथे संख्या पार्टच्या ड्रॉइंगवर नकोच.

आता सॉलिडवर्क्सकडे. बीओएम टाकताना तीन प्रकार विचारले जातात, आणि आकड्यांचा निम्मा गोंधळ तिथूनच निघतो. "टॉप लेव्हल ओन्ली" फक्त पहिली पायरी दाखवतो : स्टँड ६, ड्राइव्ह फ्रेम १. असेंब्ली शॉपला हाच लागतो. "पार्ट्स ओन्ली" सब-असेंब्ली फोडून सगळे पार्ट एका यादीत आणतो आणि गुणाकार स्वतः करतो. गसेट वेगळा पार्ट असेल तर इथे थेट २८ दिसतील. "इंडेंटेड" मध्ये सब-असेंब्लीच्या खाली तिचे पार्ट आत सरकवून येतात, आणि सब-असेंब्लीच्या आतल्या पार्टसमोरचा आकडा त्या सब-असेंब्लीच्या एका नगाचा असतो. स्टँडसमोर ६, आत पायासमोर २, त्याच्या आत गसेटसमोर २. ही यादी एक्सेलमध्ये नेऊन गसेटच्या ओळींची बेरीज केली तर स्टँडमधले २ आणि ड्राइव्ह फ्रेममधले ४ मिळून ६ येतात, म्हणजे ऑर्डरच साफ चुकते. परचेसला इंडेंटेड यादी देऊ नये. द्यायचीच तर शेजारी गुणाकार केलेला रकाना हवा.

वेल्डमेंटपाशी सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पाय जर मल्टिबॉडी वेल्डमेंट म्हणून एकाच पार्ट फाइलमध्ये बनवला असेल, तर गसेट हा त्या पार्टमधली एक बॉडी आहे, स्वतंत्र पार्ट नाही. कट लिस्टमध्ये (वेल्डमेंटच्या तुकड्यांची यादी) "गसेट २" असं दिसतं, आणि ते एका पायासाठी. मशीनला पाय १२ आहेत हे त्या पार्ट फाइलला माहीत नसतं, असायचं कारणही नाही. कट लिस्टची ड्रॉइंग तशीच कटिंगला गेली की २ चा आकडा कुणीतरी हाताने १२ ने गुणावा लागतो. त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे. ड्राइव्ह फ्रेम हेही मल्टिबॉडी वेल्डमेंट असेल, तर तिच्यातला गसेट आणि पायातला गसेट एकसारखे आहेत हे सॉफ्टवेअरला कळत नाही. मापं तंतोतंत सारखी असली तरी त्या दोन वेगवेगळ्या फाइलमधल्या दोन बॉडी आहेत. "डिटेल्ड कट लिस्ट" लावून इंडेंटेड बीओएम काढला तरी २४ आणि ४ एका ओळीत येणार नाहीत.

यावर नियम असा ठेवावा. जो तुकडा वेगळ्या व्हेंडरकडे कापला जातो, स्टोअरमध्ये वेगळा मोजला जातो, किंवा एकाहून जास्त वेल्डमेंटमध्ये लागतो, त्याला स्वतःची पार्ट फाइल आणि स्वतःचा पार्ट नंबर. वेल्डमेंट मग असेंब्ली म्हणून बनवायचं. जो तुकडा त्याच फॅब्रिकेटरकडे कापून तिथेच वेल्ड होतो, जसा पायाचा ट्यूब, तो बॉडी म्हणून राहिला तरी चालतं. तुमच्या बाबतीत गसेट आणि बेस प्लेट लेझरला जातात, तेव्हा ते वेगळे पार्ट हवेत. फॅब्रिकेटरला पायाच्या ड्रॉइंगवर ते आयटम म्हणून दिसतात, नग प्रति पाय.

डावा-उजवा हाही असाच एक सापळा. "१ नग दाखवल्याप्रमाणे, १ नग उलट हाताचा" अशी टीप टाकून एकाच ड्रॉइंगवर दोन पार्ट उरकू नका. बीओएममध्ये ते एकच नंबर घेऊन बसतात, आकडा २ दिसतो आणि दोन्ही एकाच हाताचे बनून येतात. दोन नंबर द्या, शेवटी ०१ आणि ०२ लावलं तरी पुरे. पत्र्याच्या ब्रॅकेटमध्ये मात्र कटिंगचा हिशोब वेगळा पडू शकतो. भोकं आणि कापलेली कड बघता डाव्याचा पसरलेला पत्रा उलटा केला की उजव्याचा होतो. त्यामुळे साध्या माइल्ड स्टीलमध्ये लेझरला १२ एकसारखे तुकडे आणि बेंडिंगला ६ डावे, ६ उजवे असा निरोप जातो. फिल्म लावलेला स्टेनलेस पत्रा असेल, एक बाजू दर्शनी असेल, तर उलटवून चालत नाही. तेव्हा कटिंगमध्येही ६ आणि ६ वेगळेच. बीओएम पार्ट मोजतो, कापायचे तुकडे मोजत नाही, हे जॉब शीट बनवणाऱ्याला ठाऊक हवं.

आकडा बिघडवणाऱ्या आणखी काही जागा आहेत. एकेक तपासून घ्या. कंपोनंट सप्रेस केलेला, म्हणजे मॉडेलमध्ये तात्पुरता बंद केलेला असेल तर तो मोजला जात नाही. मॉडेल हलकं व्हावं म्हणून नट-बोल्ट सप्रेस करून ठेवले आणि त्याच कॉन्फिगरेशनवर (एकाच फाइलमध्ये साठवलेला मॉडेलचा एक प्रकार) बीओएम लावला, तर बोल्ट यादीतून गायब. ड्रॉइंग उघडताना बीओएम कोणत्या कॉन्फिगरेशनला बांधला आहे ते आधी बघायचं. "एक्सक्लूड फ्रॉम बिल ऑफ मटेरियल्स" ही खूण कंपोनंटच्या प्रॉपर्टीत असते, एन्व्हलप म्हणून, म्हणजे फक्त संदर्भासाठी टाकलेला पार्टही मोजला जात नाही. ग्राहकाची मोटर किंवा जमिनीचा स्लॅब दाखवायला हे उपयोगी आहे. पण एखाद्या स्टँडची प्रत करताना ही खूणही प्रतीबरोबर येते, आणि सहा स्टँडपैकी एक मोजला जात नाही. पॅटर्नमध्ये वगळलेले नगही पाहून घ्या.

कॉन्फिगरेशनचं असं. टेक-अप असेंब्ली (बेल्टला ताण देणारी) पुढे आणि मागे अशा दोन स्थितीत दाखवायला कुणी दोन कॉन्फिगरेशन केली, की बीओएममध्ये एकाच वस्तूच्या दोन ओळी होऊ शकतात. कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीत बीओएममध्ये कोणता पार्ट नंबर दाखवायचा हे ठरवता येतं. फक्त स्थिती वेगळी असलेल्या कॉन्फिगरेशनना फाइलच्या नावाचा किंवा मूळ कॉन्फिगरेशनचाच नंबर द्या. लांबी वेगळी असेल, म्हणजे वस्तूच वेगळी असेल, तर नंबर वेगळाच हवा. बीओएमच्या सेटिंगमध्ये "पार्ट कॉन्फिगरेशन ग्रुपिंग" आहे. तिथे सगळी कॉन्फिगरेशन एक आयटम म्हणून दाखवायचा पर्याय घाईत निवडला, तर ४०० आणि ६०० मिमीचे रोलर एका ओळीत मिसळतात. याच जागी, सब-असेंब्लीच्या कॉन्फिगरेशनमध्ये, तिचे आतले पार्ट दाखवायचे, लपवायचे की वर आणायचे हेही ठरतं. गिअर मोटर, प्लमर ब्लॉक अशा विकत घेतलेल्या असेंब्लीला "हाइड" लावा. म्हणजे "पार्ट्स ओन्ली" मध्ये ती एकच ओळ राहते, आतली बेअरिंग आणि सील परचेसच्या यादीत येत नाहीत. फक्त मॉडेलच्या सोयीसाठी केलेल्या गटाला "प्रमोट".

बीओएमच्या रकान्यात हाताने आकडा लिहिणं बंद करा. डबल क्लिक केल्यावर सॉफ्टवेअर लिंक तोडायची का असं विचारतं. हो म्हटलं की तो आकडा मॉडेलपासून सुटला; पुढे स्टँड ५ झाले तरी तिथे जुनाच राहणार. हा मोह साधारणपणे मीटरमध्ये मोजायच्या वस्तूंना होतो : बेल्ट, केबल, रबर बीडिंग. त्यासाठी त्या पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीत "बीओएम क्वांटिटी" असा पर्याय आहे. लांबीची प्रॉपर्टी तिथे निवडली की नगाऐवजी लांबी येते आणि मॉडेलबरोबर बदलते. ग्रीस, थ्रेड लॉक, पेंट यांना आकार नसला तरी प्रॉपर्टी भरलेली रिकामी पार्ट फाइल टाकता येते.

आता मॅक्रोबद्दल, म्हणजे आकडा आपोआप आणणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमबद्दल. असेंब्ली उघडून प्रत्येक पार्ट किती वेळा आला हे मोजणारा आणि तो आकडा त्या पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीत लिहिणारा मॅक्रो करता येतो. टायटल ब्लॉकची टीप त्या प्रॉपर्टीला जोडली की ड्रॉइंगवर आकडा दिसतो. हे चालतं, पण तीन गोष्टी समजून वापरा. पहिली, आकडा पार्टच्या फाइलमध्ये लिहिला जातो. गसेट दोन मॉडेलच्या कन्व्हेयरमध्ये असेल तर ज्या असेंब्लीवर मॅक्रो शेवटी चालवला तिचा आकडा राहतो, आधीचा पुसला जातो. दुसरी, हा आकडा जिवंत नसतो. असेंब्ली बदलल्यावर मॅक्रो पुन्हा चालवायला आणि पीडीएफ पुन्हा काढायला माणूसच लागतो, म्हणजे तुमची मूळ अडचण तशीच राहते. तिसरी, रिलीज झालेली फाइल लिहिण्यासाठी बंद असेल, तर मॅक्रो ती वगळून पुढे जातो आणि ज्यांचा आकडा बदलला नाही अशांची यादी कुणी बघत नाही. तरीही वापरायचाच असेल तर आकड्यासोबत असेंब्लीचा नंबर आणि रिव्हिजन लिहून घ्या : "२४ नग प्रति मशीन, मुख्य असेंब्ली रिव्हिजन सी". एवढं असलं तर वाचणाऱ्याला निदान विचारता येतं.

त्यापेक्षा जॉब शीट बनवणं सोपं आहे. मुख्य असेंब्लीवर एक वेगळी शीट घ्या, त्यावर "पार्ट्स ओन्ली" बीओएम टाका, राइट क्लिक करून एक्सेलमध्ये सेव्ह करा. डोक्यावर ऑर्डर नंबर, मुख्य असेंब्लीचा नंबर आणि रिव्हिजन, यादी काढल्याची तारीख. रकाने असे : पार्ट नंबर, रिव्हिजन, वर्णन, मटेरियल, जाडी, प्रति मशीन, मशीन, स्पेअर, एकूण. गसेटची ओळ मग "२८, ३, ४, ८८" अशी वाचली जाते, आणि ८८ कुठून आले हे लेझरवाल्यालाही दिसतं. बेस प्लेटची "१२, ३, २, ३८". अँकर बोल्ट प्लेटमागे ४, म्हणजे "४८, ३, ८, १५२". लेझरसाठी मटेरियल आणि जाडीप्रमाणे लावून फक्त पत्र्याच्या ओळी काढा. ६ मिमीचे सगळे पार्ट एकत्र दिसले की तो नेस्टिंगही (पत्र्यावर तुकड्यांची मांडणी) एकदम करतो. प्रत्येक व्हेंडरच्या ड्रॉइंगच्या गठ्ठ्यावर पहिलं पान हीच यादी. शॉपमध्ये प्रिंट सुटे फिरत असतील, फिटरच्या हातात एकच कागद जात असेल, तर जॉब शीटवरून ऑर्डर नंबर आणि नग यांचा शिक्का प्रिंटवर मारा, मूळ फाइलला हात लावू नका.

यादी बाहेर पाठवण्याआधी दोन तपासण्या कराव्यातच. सॉलिडवर्क्सचं "परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन" असेंब्लीत एकूण पार्ट किती ते सांगतं. बीओएमच्या नगांची बेरीज त्याच्याशी ताडून बघा. फरक येईल, पण प्रत्येक फरकाचं कारण सांगता आलं पाहिजे : वगळलेले, सप्रेस केलेले, लपवलेल्या सब-असेंब्लीतले, किंवा मीटरमध्ये मोजलेले. दुसरी तपासणी वजनाची. बीओएममध्ये पार्टच्या वजनाचा रकाना घ्या, नगांनी गुणून बेरीज करा आणि मुख्य असेंब्लीच्या मास प्रॉपर्टीशी मिळवा. एक स्टँड मोजायचा राहिला असेल तर त्याचं वजन इथे लगेच कमी पडतं. हाताने खोडलेला आकडाही इथेच सापडतो. एक्सेलमध्ये पार्ट नंबरवर काउंटइफ लावून एकच नंबर दोन ओळींत आला आहे का तेही बघा. "सेव्ह अॅज" करून नंबर बदलायचा राहिलेल्या फाइल यातून बाहेर येतात.

इन्व्हेंटर हे दुसरं डिझाइन सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी तत्त्व हेच आहे, फक्त नावं वेगळी. तिथे प्रत्येक पार्टला नॉर्मल, इनसेपरेबल, पर्चेस्ड, फँटम किंवा रेफरन्स असं बीओएम स्ट्रक्चर देता येतं. वेल्डमेंटला इनसेपरेबल, विकतच्या असेंब्लीला पर्चेस्ड, सोयीच्या गटाला फँटम, मोजायचं नाही त्याला रेफरन्स. ऑटोकॅडमध्ये टूडी काम असेल तर ब्लॉक मोजून संख्या काढता येते. २०२२ पासून त्यासाठी काउंट कमांडही आहे. पण पार्टचा ब्लॉक समोरच्या, बाजूच्या आणि वरच्या अशा तीन दृश्यांत असेल तर तो तीनदा मोजला जातो. पार्ट नंबरचा अॅट्रिब्यूट असलेला एक छोटा टॅग ब्लॉक बनवा, प्रत्येक नगाला तो एकाच दृश्यात एकदाच लावा आणि डेटा एक्स्ट्रॅक्शनमध्ये फक्त टॅग मोजा.

जुन्या ड्रॉइंगचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. सगळ्यांच्या रिव्हिजन एकदम चढवायला जाऊ नका. ज्या ड्रॉइंगला दुसऱ्या कारणाने हात लागेल, त्याच वेळी संख्या काढून "जॉब शीटप्रमाणे" लिहा आणि टायटल ब्लॉकचा टेम्प्लेट मात्र आजच बदला, म्हणजे नवीन ड्रॉइंग तरी जुन्या पद्धतीने निघणार नाही. तोपर्यंत प्रत्येक जॉब शीटच्या डोक्यावर ठळक ओळ हवी : "टायटल ब्लॉकमधील नग धरू नयेत, या यादीतील एकूण नग धरावेत." दोन्ही व्हेंडरना ती ओळ एकदा समोर बसून दाखवा. त्यांचा हात सवयीने टायटल ब्लॉककडे जातो, आणि पहिल्या दोन-तीन ऑर्डरला फोन करून खात्री करून घ्यावी लागते.

सुरुवात गसेट आणि बेस प्लेटपासून करा. पायाचं वेल्डमेंट सध्या मल्टिबॉडी आहे की असेंब्ली, हे सांगितलंत तर ते फोडताना जुने पार्ट नंबर कसे राखायचे ते पुढे लिहितो.